फ्यूज वीस रुपयांचा, बिल १ लाख ८८ हजारांचं

ज्यांच्याकडे महागडी स्पोर्ट्स कार आहे, त्यातही सेकंड हँड घेतलेली, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा, आणि ओळखीत कुणाकडे असेल तर त्यालाही सांगा. गाडीतली एखादी गोष्ट अचानक बंद पडली, छत, काच, हॉर्न, चार्जिंगचं सॉकेट, काहीही, आणि गॅरेजवाल्यानं स्कॅनर लावून थेट "मॉड्यूल गेलंय", म्हणजे तो भाग चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा जळलाय, असं म्हटलं तर त्याला एवढंच सांगायचं की त्या सर्किटचा फ्यूज काढ आणि माझ्या हातात दे. तो दिला तर पुढचं बोलणं. टाळाटाळ करायला लागला तर गाडी तिथनं उचला. आमच्या घरात १ लाख ८८ हजार गेलेत या एका गोष्टीपायी, आणि पैशाचं सोडा, गाडी पेटायची वेळ आली होती.

गाडी माझ्या दादाची. पोर्श बॉक्सटर, २०१० ची, ज्याला ९८७ म्हणतात ती पिढी. टू-सीटर, कापडी छत, बटण दाबलं की उघडतं. नवी कधीच परवडली नसती, पण कित्येक वर्षं पैसे साठवून त्यानं सेकंड हँड घेतली आणि पोटच्या पोरासारखी जपतो. ऐन जूनमध्ये छत उघडलेलं असताना बटण मेलं. वरती ढग, छत उघडं, बटण दाबलं तर साधा टक् आवाज पण नाही. अशा वेळी माणूस जवळचं आणि "पोर्श करतो" असं सांगणारं गॅरेज गाठणार, त्यानं तेच केलं. गॅरेजचं नाव मी इथे लिहीत नाहीये, प्रकरण ग्राहक आयोगात आहे.

तिथल्या ॲडव्हायझरनं स्कॅनर लावला आणि स्क्रीन दादाला दाखवली. छताच्या कंट्रोलसमोर लिहिलेलं होतं, संपर्क होत नाही. "सर, मॉड्यूल डेड आहे, बघा तुम्हीच." आता इथेच सगळी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्कॅनर गाडीतल्या प्रत्येक कंट्रोल युनिटला हाक मारतो आणि उत्तर येतंय का बघतो. युनिट खरंच जळलेलं असेल तरी उत्तर येत नाही, आणि युनिट धडधाकट आहे पण त्याचा सप्लायचा फ्यूज उडालाय तरीही उत्तर येत नाही. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखंच दिसतं! म्हणजे स्कॅनर खोटं बोलत नव्हता, तो दाखवणारा अर्धंच सांगत होता. ज्याला काम येतं तो माणूस "संपर्क नाही" दिसल्यावर पहिल्यांदा त्या युनिटला प्लस आणि अर्थ पोचतोय का ते बघतो, त्याला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि ज्याला पैसे काढायचेत तो त्याच स्क्रीनवर बोट ठेवून एस्टिमेट बनवतो.

वर भीती घातली ती वेगळीच. म्हणे पाऊस आत गेला तर सीटखालचं युनिट भिजेल, मग किल्लीच ओळखणार नाही गाडी, खर्च दुप्पट. ही गोष्ट खोटी नाहीये हे मुद्दाम सांगतो. या गाड्यांमध्ये अलार्म आणि इमोबिलायझरचं (किल्ली ओळखल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणारं) युनिट खरोखर सीटखाली असतं, आणि छताची पाणी जायची भोकं पाचोळ्यानं तुंबली की पाणी आत उतरून ते युनिट खराब होतं, बॉक्सटरवाल्यांना हे माहीत असतं. म्हणूनच दादाला ते पटलं. खऱ्या गोष्टीच्या आधारानं खोटं विकलं की ते पचतं, आणि हे लोक त्यात तयार असतात. मॉड्यूल, कोडिंग (नवं मॉड्यूल स्कॅनरनं गाडीशी जुळवणं), लेबर मिळून १ लाख ८८ हजार. दादानं पक्कं बिल मागितलं, जुना पार्ट परत पाहिजे असंही लिहून घेतलं, आणि या दोन गोष्टींमुळेच पुढे आम्हाला भांडता आलं.

गाडी परत आली, छत मस्त चालायला लागलं, जुनं मॉड्यूल म्हणून पिशवीतनं एक काळा डबा मिळाला. विषय संपला असंच सगळ्यांना वाटलं.

मग एकदा एक्सप्रेसवेनं लोणावळ्याकडे जाताना, मी शेजारी बसलो होतो, पायाशी प्लॅस्टिक जळल्यासारखा वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल, पण काच वर केली तरी वास वाढतच गेला आणि कार्पेटच्या कडेला हात लावला तर गरम. दादानं गाडी कडेला घेतली, बंद केली, आम्ही दोघं बाहेर. धूर नाही आला, नशीब. पण तेव्हा पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो.

गाडी नाना पेठेतल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली, सगळे त्यांना वस्ताद म्हणतात. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही. पायाजवळचं बाजूचं कव्हर काढलं, त्यामागे फ्यूज बॉक्स असतो, कव्हरच्या आत फ्यूज ओढायचा छोटा प्लॅस्टिकचा चिमटा असतो आणि कुठला फ्यूज कशाचा, किती अँपिअरचा याचा तक्ता सोबत मिळतो. वस्तादांनी तक्ता वाचला, टॉर्च मारला, आणि म्हणाले, "हे बघा, तक्त्यात १५ आहे आणि इथे हिरवा बसवलाय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या चपट्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात आणि जवळपास सगळ्या गाड्यांना तेच चालतात: ५ बदामी, ७.५ तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा पारदर्शक, ३० हिरवा. म्हणजे निळ्याच्या जागी हिरवा, १५ च्या जागी ३०, सरळ दुप्पट. तो हिरवा फ्यूज ओढून काढला तर त्याच्या एका पायाला बारीक तांब्याची वायर गुंडाळून खोचलेली, ती कार्पेटखालनं वर काचेवरच्या डॅशकॅमकडे गेलेली. हा डॅशकॅम आधीच्या मालकानं कुठल्यातरी ॲक्सेसरीच्या दुकानात लावून घेतलेला, गाडीबरोबरच आला होता. वायर ओढत ओढत बाहेर काढली तर एका ठिकाणी बॉडीच्या पत्र्याच्या कडेवर घासून इन्शुलेशन सोललेलं, आणि तिथनं पुढे वीतभर वायर तपकिरी होऊन वितळलेली, बोटानं दाबली की प्लॅस्टिक भुग्यासारखं सुटत होतं, आतली तांब्याची तार काळी पडलेली. शेजारच्या ओरिजनल वायरिंगच्या टेपवर पण डाग उमटलेला. अजून थोडा वेळ गाडी चालली असती तर अख्ख्या हार्नेसला, म्हणजे वायरांच्या जुडग्याला, लागलं असतं.

मग सगळा उलगडा झाला. जूनमध्ये झालं होतं ते एवढंच, डॅशकॅमची वायर घासली, पत्र्याला लागली, शॉर्ट झाला, १५ चा फ्यूज उडाला, आणि छताचं कंट्रोल त्याच फ्यूजवर असल्यानं छत बंद. फ्यूजनं आपलं काम चोख केलं होतं! गॅरेजवाल्यानं तो उडालेला फ्यूज बघितला असणार, नवा निळा लावला असणार, तो परत उडाला असणार, आणि शॉर्ट शोधत बसण्याऐवजी ३० चा ठोकून दिला. तेवढ्यानं छत चालायला लागलं. मॉड्यूल बदललंच नव्हतं. वस्तादांनी छताचं मॉड्यूल दाखवलं, वर बारा-पंधरा वर्षांची धूळ घट्ट बसलेली, स्क्रूवर पाना लागल्याची एक खूण नाही.

फ्यूज गाडीतल्या उपकरणापेक्षा वायरसाठी असतो हे लक्षात ठेवा. वायर जेवढा करंट झेलू शकते त्याच्या आत फ्यूज उडाला पाहिजे. बारीक वायरवर मोठा फ्यूज टाकला की फ्यूजच्या आधी वायरच तापते, आणि ती कार्पेटखाली, फोमला चिकटून असते. त्यामुळे "सर जरा मोठा टाकलाय, आता उडणार नाही" असं कुणी कौतुकानं सांगितलं तर त्यानं तुमच्या गाडीत आग लावायची सोय केली आहे. फ्यूजच्या जागी सिगरेटची चांदी किंवा तार गुंडाळणारे पण भेटतील, तोच प्रकार. नवा, बरोबर अँपिअरचा फ्यूज लावल्या लावल्या उडतोय म्हणजे पुढे कुठेतरी शॉर्ट आहे, तो शोधणं हेच काम आणि त्याचेच पैसे द्यायचे. वस्तादांनी अर्धा दिवस घालवून आणखी कुठे सोललंय का ते तपासलं, डॅशकॅमला वेगळी लाईन आणि तिचा स्वतःचा छोटा फ्यूज दिला, जागेवर १५ चा निळा बसवला, सगळ्याचे मिळून अडीच हजार घेतले आणि ते आम्हाला कमीच वाटले.

त्या काळ्या डब्याची गोष्ट राहिली. पोर्शच्या बऱ्याच पार्ट नंबरांचे पहिले तीन आकडे कुठल्या मॉडेलसाठी तो पार्ट बनवला ते सांगतात, ९८६, ९८७ बॉक्सटरचे, ९९६, ९९७ नाइन-इलेव्हनचे (पोर्शचीच दुसरी स्पोर्ट्स कार, ९११), आणि बॉक्सटर व नाइन-इलेव्हनमध्ये बरेच पार्ट सामाईक असल्यानं ९९७ वाला पार्ट बॉक्सटरमध्ये निघाला तर त्यात गैर काही नाही. पण आमच्या "जुन्या मॉड्यूल"वरच्या लेबलवर सुरुवातच ९५५ नं होती. ९५५ म्हणजे पहिल्या पिढीची कायेन. ती एसयूव्ही आहे, तिला कापडी छतच नसतं! कनेक्टरचा आकारही आमच्या वायरिंगशी जुळत नव्हता. भंगारातला कुठला तरी डबा पुसून पिशवीत घालून दिला होता. हे बघून दादा बराच वेळ काही बोललाच नाही.

अशीच एक गोष्ट ओळखीच्या एकाची झालेली, त्याची पण ९८७. गाडी बरेच दिवस उभी राहिली, बॅटरी उतरली. बॅटरी पुढच्या डिकीत, आणि पुढची डिकी उघडते विजेवर, म्हणजे बॅटरीपर्यंत पोचायलाच बॅटरी पाहिजे. त्याला "लॉक मॉड्यूल गेलं, टो करावी लागेल" म्हणून सांगितलं. खरं तर याच अडचणीसाठी कंपनीनं फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढता येणारं प्लसचं टर्मिनल दिलंय, त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस जोडायचा, मायनस दाराच्या लॉकच्या धातूच्या आकड्याला, आणि किल्लीनं डिकी उघडायची. अलार्म वाजेल, वाजू दे, दचकून वायर सोडू नका. मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं आहे. मॅन्युअल नसेल तर आजच मिळवा, सेकंड हँड गाडीत ते बहुतेक वेळा हरवलेलंच असतं.

घरी तपासायचं असेल तर फार काही लागत नाही. टेस्ट लॅम्प मिळतो शंभर-दीडशेत. या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, फ्यूज काढायची पण गरज नाही. इग्निशन ऑन करायचं, लॅम्पचा चिमटा बॉडीच्या उघड्या धातूला लावायचा आणि टोक एकेका ठिपक्याला टेकवायचं. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज चांगला. एकीकडेच पेटला तर उडालेला. दोन्हीकडे नाही पेटला तर सप्लायच येत नाहीये, मग घाईनं फ्यूजवर खापर फोडू नका. नुसतं डोळ्यांनी बघून ठरवू नका, कधी कधी आतली पट्टी इतकी बारीक तुटलेली असते की दिसत नाही. आणि फ्यूज काढायचा तेव्हा इग्निशन बंद, चिमट्यानं, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायचा नाही.

गॅरेजमध्ये भांडायला गेलो तर आधी म्हणाले तुम्हीच बाहेर कुठेतरी छेडछाड केली. मग आम्ही १९१५ वर, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तक्रार नोंदवली, सोबत बिल, हिरव्या फ्यूजचा, जळलेल्या वायरचा आणि ९५५ च्या लेबलचा फोटो. त्या लेबलवर गॅरेजवाल्यांकडे उत्तर नव्हतं. मॉड्यूलचे पैसे चेकनं परत आले. कोडिंग आणि लेबरचे मात्र देणार नाही, काम केलंय म्हणाले, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली, ई-जागृती पोर्टलवरनं ऑनलाइन होते, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही, आणि घटनेपासून २ वर्षांच्या आत करावी लागते. वकील लावायलाच पाहिजे असं काही नाही, दादानं अर्ज स्वतःच लिहिला, आणि मी वस्तादांकडनं काय सापडलं ते त्यांच्या सहीनिशी लिहून आणलं. कोडिंग कुठल्या तारखेला, कुठल्या युनिटचं केलं याची स्कॅनरमधली प्रिंट आम्ही लेखी मागितली आहे. ती त्यांनी अजून दिलेली नाही.