कानातून सात ‘खडे’ काढले आणि २,१०० रुपये घेतले

मी अमळनेर तालुक्यातला. बावीस वर्षं जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, काम केलं. दोन वर्षांपासून कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज सुरू झाला. दिवसा जाणवायचा नाही, रात्री दिवा मालवला की सुरू. गेल्या हिवाळ्यात उजवा कानही जड झाला. बायकोने दोनदा हाक मारली तरी कळायचं नाही.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. घोडेबाजारातून परतताना कान साफ करणारा एक जण भेटला. लाल टोपी, टोपीत खोचलेल्या सळया. ‘दादा, फक्त २० रुपये.’ बसलो. कानात बघून तो म्हणाला, ‘आवाज येतो ना? आत खडे झालेत. पडद्याला लागले तर बहिरे व्हाल.’ आवाजाचं मी त्याला सांगितलंच नव्हतं, म्हणून विश्वास बसला. माझ्या वयाच्या दहा माणसांना तो हेच विचारत असणार, हे तेव्हा सुचलं नाही.

त्याने बाटलीतलं काहीतरी पातळ कानात सोडलं आणि चिमट्याने एकेक खडा माझ्या तळहातावर ठेवत गेला. ज्वारीच्या दाण्याएवढे. डाव्या कानातून तीन, उजव्यातून चार. मग म्हणाला, २० रुपये मळाचे, खड्याचे प्रत्येकी ३००. भोवती माणसं जमली होती. कापसाचे पैसे खिशात होते, मोजून दिले. मळाचे २० त्याने ‘सोडले’.

घरी पोचेपर्यंत दोन्ही कान गच्च. आवाज दुप्पट, उजव्या कानात ठणका. तिसऱ्या दिवशी धुळ्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. खडे पुडीत बांधून नेले होते. डॉक्टरांनी एक बोटावर घासून बघितला. ‘काका, ही साधी खडी आहे. त्याच्या हातातच असणार. कानाच्या नळीत असे खडे तयार होत नाहीत.’

कॅमेरा घालून त्यांनी मला स्क्रीनवर दाखवलं. काळपट मळाचं बूच आत घट्ट बसलेलं, शेजारी सळईचा ताजा ओरखडा. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या भागात, आणि नळीची कातडी त्याला हळूहळू बाहेर सरकवत असते, जेवताना जबडा हलतो त्याचीही मदत होते. आपण सळई, काडी, इअरबड घालून तोच मळ आत ठोकतो. काडी तर मीच वर्षानुवर्षं घालत आलो होतो. बूच बसलं की बाहेरचे आवाज अडतात, आणि एरवी पंख्याच्या, रस्त्याच्या गोंगाटात बुडून जाणारा आतला आवाज मोठा वाटू लागतो. मळ पडद्याला टेकला तरीही आवाज येतो. त्या माणसाच्या पाण्याने माझा मळ आणखी फुगला होता.

ओरखडा भरेपर्यंत थांबवलं, मग मळ मऊ करायचे थेंब पाच दिवस, नंतर सक्शनने काढला. दवाखान्याबाहेर एसटीचा हॉर्न वाजला तेव्हा मी दचकलो, इतका स्पष्ट.

उजव्या कानातला आवाज गेला. डाव्यातला कमी झाला, पण आहे. ऐकण्याची तपासणी केली, त्यात बारीक, उंच पट्टीतले आवाज मला कमी ऐकू येतात असं निघालं. ते जिनिंगच्या धडधडीचं, मळाचं नाही. मळ काढला की सगळ्यांचाच आवाज थांबतो, असं डॉक्टरांनी सांगितलं नाही. मीही सांगणार नाही.

यात्रेत, बाजारात कोणी तुमच्या कानातून खडा काढून दाखवला तर तिथूनच उठा. पडद्याला भोक असेल तर तेल किंवा पाणी कानात जाता कामा नये, आणि भोक आहे की नाही हे त्या माणसाला दिसत नाही. एका कानाने अचानक ऐकू येणं बंद झालं किंवा नाडीसारखा ठोका ऐकू येऊ लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. अचानक बंद झालेल्या कानाला तर त्याच दिवशी डॉक्टर हवा.

खड्यांची पुडी मी टाकलेली नाही. गावात कोणी कान कोरून घ्यायला निघाला की आधी ती त्याच्या हातात देतो.