पदकाच्या कडेवर नाव नव्हतं

आमच्या घरातून ३८,५०० रुपये गेले आणि त्यासोबत बाबांचं मूळ डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतल्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, गेलं. पैसे एखाद्या हंगामात भरून निघतील. त्या पुस्तकाची किंमत मात्र फौजीच्या घरात वाढलेल्या माणसालाच कळते. आमच्याकडे ते देवघराखालच्या पत्र्याच्या पेटीत, प्लास्टिकच्या पिशवीत, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं असायचं. लहानपणी आम्हा भावंडांना त्याला हात लावायची परवानगी नव्हती. तेच पुस्तक मी माझ्या हातानं एका अनोळखी माणसाला दिलं. तो माणूस आता कुठल्या गावात, कुठल्या म्हाताऱ्याच्या ओसरीवर बसला असेल या काळजीनं हे लिहितो आहे.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, यवतमाळ जिल्ह्यात. बाबा १९६८ साली भरती झाले आणि १९८४ साली नाईक म्हणून पेन्शनवर आले. रेजिमेंटचं नाव लिहीत नाही, कारण चूक कोणाची हे ठरवणं माझं काम नाही. १९७१ च्या लढाईत ते पूर्वेकडच्या आघाडीवर होते. त्रिपुराकडून आत गेले, मेघना ओलांडली. "ते नदी पाह्यली त आपली वर्धा नाल्यासारखी वाटते," हे वाक्य आम्ही हजार वेळा ऐकलं असेल. १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शरणागती पत्करली तेव्हा त्यांची पलटण चिखलात उभी होती आणि त्यांना स्वतःला हिवताप भरला होता. तिथून दवाखाना, मग रजा, मग १९७२ मध्ये दुसऱ्या युनिटात बदली.

त्या लढाईत पूर्वेला असलेल्यांना 'पूर्वी स्टार' नावाचं पदक मिळालं, पश्चिमेला असलेल्यांना 'पश्चिमी स्टार'. संग्राम मेडलही त्याच लढाईचं. बाबांच्या डिस्चार्ज बुकात पदकांच्या पानावर स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं पदक आहे, नऊ वर्षांच्या दीर्घ सेवेचं आहे. पूर्वी स्टार नाही, संग्राम मेडल नाही. बाबांचं म्हणणं असं की, युनिटानं नावांची यादी पाठवली तेव्हा ते जुन्या युनिटात नव्हते आणि नव्या युनिटाला त्यांच्याशी घेणंदेणं नव्हतं. नोकरीत असताना त्यांनी एकदा विचारलं. "बघू" असं उत्तर मिळालं. नंतर शेती, आम्ही चार पोरं, आईचं दुखणं. पन्नास वर्षं निघून गेली.

२०२१ मध्ये त्या विजयाला ५० वर्षं झाली तेव्हा ठिकठिकाणी माजी सैनिकांचे सत्कार झाले. बाबांनाही तालुक्याला बोलावणं आलं. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या छातीवर स्टार होता. त्यानं सहज विचारलं, "तुमी नव्हते का लढाईत?" बाबा घरी आले आणि त्या रात्री जेवले नाहीत. मला हे कारण खूप उशिरा कळलं. पण ज्या माणसानं आम्हाला फसवलं त्याला ते पहिल्या पाच मिनिटांत कळलं होतं.

तो भेटला नोव्हेंबर २०२४ मध्ये. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. बँकेच्या पायऱ्यांवर पेन्शनवाले म्हातारे सकाळपासून बसून असतात. त्या माणसाचं वय चाळिशीच्या आसपास, बारीक कापलेले केस, हातात फाईल. आल्या आल्या त्यानं बाबांना "जय हिंद, हवालदार साहेब" केलं. बाबा म्हणाले, "हवालदार नाय, नाईक." तो म्हणाला, "माझ्यासाठी साहेबच." मग विचारलं, सगळी पदकं मिळाली का? पुस्तकात नोंद आहे का? इतक्या वर्षांत हा प्रश्न बाबांना कोणी विचारलाच नव्हता. मी विचारला नव्हता. आमच्या घरात तो शिरला तो याच दारानं.

पुढच्या आठवड्यात घरी आला. चहा घेतला, अंगणातल्या बाजेवर बसून बाबांकडून मेघनेची गोष्ट पूर्ण ऐकली, मध्ये एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसात आपली ओळख आहे, अर्ज योग्य टेबलावर गेला की तीन महिन्यांत दुरुस्ती होते, असं सांगितलं. फॉर्मची फी १,५०० रुपये. रक्कम इतकी लहान होती की मला शंका घ्यायचीही लाज वाटली.

मग 'फाईल दिल्लीला पाठवायचे' ८,५००. त्याच वेळी 'पडताळणीसाठी' मूळ डिस्चार्ज बुक मागितलं. मी झेरॉक्स देतो म्हटलं, तर म्हणाला, झेरॉक्सवर शिक्का मारत नाहीत. बाबांनी स्वतः पेटी उघडली. पुस्तक माझ्याकडे देताना म्हणाले, "बापू, सांबाळून." मी ते त्याच्या फाईलीत ठेवलं.

डिसेंबरात त्याचा फोन आला, बातमी मोठी आहे. स्टार मंजूर झाला आणि त्यासोबत १९७१ पासूनचा 'युद्धभत्ता' थकीत निघतो, ४ लाख ८० हजार. तो खात्यात जमा होण्याआधी कर भरावा लागेल, २२,०००. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात व्यापारी त्याहून कितीतरी कमी देत होते. आम्ही तसाच माल विकून मोकळे झालो होतो, ते पैसे हातात होते. फोनवरून पाठवले. बाबांनी मला एकदा अडवलं होतं, हे इथं लिहिलंच पाहिजे. "मले पैशे नाय पायजेत. माहं नाव पुस्तकात चढलं म्हंजे झालं. तू काहून इतके देऊन राह्यला?" मी ऐकलं नाही. चार लाखांचा आकडा माझ्या डोक्यात बसला होता; बाबांच्या नव्हता.

इथं थांबून एक गोष्ट सांगतो, कारण आमचा सगळा घात तिथंच झाला. शौर्याचं पदक वेगळं आणि लढाईत किंवा ठरावीक भागात सेवा केल्याचं पदक वेगळं. वीरचक्र, सेना पदक अशी शौर्यासाठीची पदकं मिळालेल्यांना केंद्राकडून दरमहा भत्ता मिळतो, राज्य शासनही रक्कम देतं. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल यांच्यासोबत एक रुपयाही येत नाही. त्यांची थकबाकी नसते, व्याज नसतं, कर नसतो. तो माणूस बोलताना ही दोन्ही मुद्दाम एकत्र कालवत होता. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक फोन केला असता तर दोन मिनिटांत खरं कळलं असतं.

जानेवारीत त्यानं शेवटचे ६,५०० रोख घेतले, 'पदकं सोडवण्याचे'. आणि पदकं आणून दिली. हो, खरंच आणून दिली. निळ्या मखमलीच्या डबीत दोन पदकं, सोबत शिक्का मारलेलं पत्र. डिस्चार्ज बुक 'नोंद चढवून टपालानं येईल' म्हणाला. बाबांनी डबी उघडली आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग आईच्या फोटोसमोर नेऊन ठेवली.

२६ जानेवारीला ग्रामपंचायतीच्या झेंड्याला बाबा कोट घालून गेले. छातीवर चार पदकं. माझ्या मुलीनं फोटो काढले. शेजारच्या गावचे निवृत्त सुभेदार काका पाहुणे म्हणून आले होते, त्यांचीही छाती पदकांनी भरलेली. झेंडा झाल्यावर ते कौतुकानं बाबांजवळ आले, स्टार बोटांत धरला आणि सवयीनं उलटा करून त्याची कड पाहिली. दुसऱ्या पदकाचीही पाहिली. मग हळूच, बाजूच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "नाईक, यावर तुमचं नाव कुठी हाय?"

सरकारकडून मिळालेल्या पदकावर, बहुधा कडेवर, सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. बाबांच्या जुन्या दोन्ही पदकांवर आहे. या दोन्हींची कड कोरी होती. छावणीच्या बाजारात कोटावर लावायला अशी नक्कल पदकं उघड विकत मिळतात, काकांनी सांगितलं, काही शे रुपयांत.

बाबांनी तिथंच, शाळेच्या पोरांना गोळ्या वाटणं चालू होतं त्या गडबडीत, दोन्ही पदकं काढून खिशात टाकली. कोटाला पिनांची भोकं राहिली. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. संध्याकाळी म्हणाले, "लोक म्हनतीन, बुढ्यानं इकत आनून लावले." माझ्या आयुष्यात त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

त्या रात्री पत्र नीट वाचलं. बाबांच्या आर्मी नंबरातले दोन आकडे उलटसुलट झाले होते. खाली संपर्कासाठी साधा मोबाईल नंबर होता. आधीचे सगळे पैसे एका माणसाच्या खासगी खात्यात गेले होते, कुठलीही सरकारी पावती नव्हती. हे सगळं आधीही दिसण्यासारखं होतं. नंबर बंद लागत होता.

आम्ही १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन केला, पण महिना उलटला होता. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम वाटेत अडवता येते, आमची केव्हाच काढली गेली होती. पोलिसांत तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंद झाला. ती डबी आता पोलीस ठाण्यात मुद्देमाल म्हणून जमा आहे. तक्रार देऊ नका, गावात नाव जाईल, असं सांगणारेही भेटले. पण तक्रारीची प्रत नसती तर डिस्चार्ज बुक हरवल्याचं आम्ही पुढं दाखवलं कशानं असतं?

एका गोष्टीत मात्र आम्ही वाचलो, ते माझ्या मुलीमुळं. डिसेंबरातच त्या माणसानं बाबांच्या मोबाईलवर आलेला ओटीपी विचारला होता, 'स्पर्श' या पेन्शनच्या पोर्टलवर पदकाची नोंद करायची म्हणून. मुलगी अकरावीत आहे. तिनं फोन काढून घेतला आणि सांगितलं, ओटीपी कोणालाच द्यायचा नसतो. तेव्हा मीच तिला रागावलो. 'स्पर्श'वर बाबांची पेन्शन आहे, बँक खातं आहे. ओटीपी गेला असता तर महिन्याचं पेन्शनही कोणाच्या हाती लागलं असतं देव जाणे.

यवतमाळच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो तेव्हा मी मान खाली घालून बसलो होतो. तिथल्या बाबूंनी काही ऐकवलं नाही. कोरा कागद पुढं केला आणि अर्ज सांगितला. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, १९७१ मध्ये कोणत्या युनिटात आणि कुठं होतो, कोणती पदकं नोंदीत नाहीत. सोबत पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, आणि होत्या त्या कागदांची स्वतः सही केलेली झेरॉक्स. नशिबानं डिस्चार्ज बुकाची एक जुनी झेरॉक्स बहिणीकडे निघाली, तिच्या पोराच्या कॉलेजच्या सवलतीसाठी काढलेली. अर्ज कार्यालयाच्या पत्रासोबत रेकॉर्ड ऑफिसला गेला. फी शून्य. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस ठरलेलं असतं. महार रेजिमेंटचं सागरला, मराठा लाईट इन्फन्ट्रीचं बेळगावला, गार्ड्सचं तर आपल्या नागपूरच्या उशाशी, कामठीला. त्यांना स्वतः लिहिता येतं, मधे कोणाला घालावं लागत नाही.

त्यांनीच अजून एक वाट दाखवली. सैनिकाचं सगळं नोकरीचं रेकॉर्ड रेजिमेंटकडे शीट रोलमध्ये असतं आणि आपल्या हातातलं पुस्तक त्यातूनच तयार होतं. म्हणून आधी मूळ नोंदीत काय आहे ते पाहावं. माहितीच्या अधिकारात भारतीय सेनेकडे ऑनलाइन अर्ज केला, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. आपलीच माहिती आपणच मागतो, त्यात कसलं गुपित? मुलीनं अर्ज भरला, बाबा शेजारी बसून एकेक तारीख सांगत होते. त्यांना युनिट सोडल्याची तारीखसुद्धा आठवत होती. ३८,५०० रुपयांनी जे झालं नाही ते दहा रुपयांनी सुरू झालं.

खरं काम सावकाश चालतं. मध्ये एक पत्र परत आलं, त्यात अजून एक कागद मागितला होता. तो दिला. अर्धा पावसाळा गेला. बाबा पोस्टमनच्या वेळेला ओसरीवर येऊन बसायचे, कारण विचारलं तर सांगायचे की घरात उकडते.

पोळा होऊन गेल्यावर रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. संग्राम मेडलची नोंद शीट रोलमध्ये होती, पुस्तकात उतरायची राहून गेली होती. ती दुरुस्त होईल असं लिहिलं आहे. पूर्वी स्टारसाठी त्या वेळच्या युनिटाचे कागद तपासणं चालू आहे, कळवू म्हणतात. पत्र इंग्रजीत होतं, मुलीनं वाचून मराठीत सांगितलं. मग बाबांनी ते तिच्या हातून घेतलं, चष्मा लावला आणि वरच्या ओळीतल्या आपल्या आर्मी नंबरावर बोट ठेवून एकेक आकडा वाचला. पुन्हा वाचला. "बरोबर हाय," म्हणाले आणि पेटीची किल्ली मागितली.