कंद चोख, कागद पुण्याचा: दुर्गंधी फुलांच्या कंदपेटीबद्दल

ऑनलाइन मिळणारी ही कंदांची पेटी विदर्भात खेड्यावर मागवायची असेल, तर पेटी उघडल्याबरोबर एक काम करा. आतला सूचनांचा कागद घडी करून बाजूला ठेवा. कंद चोख आहेत. कागद मात्र पुण्या-बंगळुरूच्या हवेसाठी लिहिलेला आहे. तो जसाच्या तसा पाळला, तर दोन कंद मेअखेरच्या नवतप्यात भाजून निघतील आणि उरलेले दोन झडीत सडतील. विक्रेत्याचं नाव देत नाही, कारण अशा पेट्या विकणारे बरेच आहेत.

कुरिअर धरून चौदाशेच्या आसपास पडणाऱ्या या पेटीत चार कंद येतात: सुरण अर्धा किलोचा, कोंजॅक पावणेदोनशे ग्रॅमचा, बल्बिफर शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, आणि सौरोमेटम, म्हणजे विक्रेते ज्याला वूडू लिली म्हणतात तो, पाच-सहा सेंटिमीटर रुंद, चपटा. चारही अळूच्या कुळातले. चौघांचं फूल सडक्या मांसाच्या किंवा शेणाच्या वासानं माश्या आणि भुंगे बोलावतं.

पेटीवरचं चित्र मात्र पाचव्याचंच, टायटन अरमचं. तो आत नाही आणि नाही तेच बरं. सुमात्राच्या दमट जंगलातली ही वनस्पती १८७८ साली ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन शास्त्रज्ञाच्या नजरेस पडली आणि १८८९ साली लंडनच्या क्यू बागेत फुलली. फूल तीन मीटरपर्यंत उंच जातं, कंद शंभर किलोच्या वरही भरतो. तिला बारमाही दमट ऊब लागते. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि हवेत ओल औषधालाही सापडत नाही. कोणी टायटनचं 'बी' पन्नास रुपयांना विकत असेल, तर ते पन्नास रुपये पोळ्याच्या तोरणाला वापरा.

पेटीत पैसे वसूल करून देणारा कंद सौरोमेटम. आपल्याकडच्या नवख्या माणसानं इथूनच सुरुवात करावी. याला फुलायला माती लागत नाही, पाणीही लागत नाही. जानेवारीत कोरडा कंद खिडकीच्या कठड्यावर किंवा फडताळात सरळ बसवून ठेवला, की उन्हाळा तोंडावर आला असता मधला कोंब वाढू लागतो. कंद पाच सेंटिमीटरच्या वर असेल, तर त्यातून फूल निघतं: पिवळट आवरणावर जांभळे-तपकिरी ठिपके आणि मधून वर गेलेली लांब तपकिरी शेपटी. फुलताना ही शेपटी चक्क गरम होते, बोट लावलं तर कळतं. ती तापवण्याचा इशारा सॅलिसिलिक आम्ल देतं, हे १९८७ साली याच वनस्पतीवर सिद्ध झालं; अॅस्पिरिन ज्यापासून बनते तेच हे आम्ल. उष्णतेनं वास लांबवर जातो. वास एक दिवस जोरात, दुसऱ्या दिवशी ओसरतो. फूल गळालं की कंद सुरकुततो. त्यानं घाबरायचं नाही, पण लगेच पाणीही द्यायचं नाही. मृग बरसला की दहा सेंटिमीटर खोल लावायचा.

कागदावर याच्यासाठी 'लगेच कुंडीत लावून नियमित पाणी द्या' असं छापलंय. झोपलेल्या कंदाला पाणी दिलं तर तो सडतो, कारण तेव्हा पाणी ओढायला त्याला एकही मूळ नसतं. या जातीतल्या बहुतेक कंदांचा शेवट असाच होतो. लोक दोष मात्र विक्रेत्याला देतात.

कोंजॅकबद्दल सविस्तर सांगावं लागेल, कारण पेटीची सगळी जाहिरात त्याच्यावर आहे. 'पहिल्याच वर्षी फूल' हे वाक्य खोटं आहे. फुलाला साधारण किलोभराचा कंद लागतो. पावणेदोनशे ग्रॅमचा कंद त्या वजनाला यायला दोन-तीन पावसाळे जातात, तेही देखभाल नीट झाली तर. वर दिसतं ते झाड नसून एकच पान असतं, ठिपक्याठिपक्यांच्या जाड देठावर छत्रीसारखं पसरलेलं. ते मोडलं की त्या वर्षीचा हिशेब तिथेच संपला. म्हणून कुंडी कोंबड्या आणि बकऱ्यांच्या वाटेतून दूर ठेवा आणि देठाला काठीचा आधार आधीच द्या. वादळी पावसात मग धावपळ होत नाही.

जुना कंद दरवर्षी खर्ची पडतो आणि त्याच्या डोक्यावर नवा तयार होतो. मुळंही कोंबाच्या भोवती, वरच्या बाजूनं फुटून आडवी पसरतात. त्यामुळे कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद हवी, १४ ते १६ इंच तोंडाची, आणि कंदावर दहा ते पंधरा सेंटिमीटर माती. कागदावर 'कंदाचा वरचा भाग उघडा ठेवा' असं आहे. तसं केलं तर मुळांना माती मिळत नाही, नवा कंद उघड्यावर पोसतो आणि पान एका अंगाला कलंडतं. आणखी एक बारीक गोष्ट. कंदाच्या डोक्यावर कोंबाभोवती खळगा असतो. त्यात पाणी साचून कूज सुरू होते. लावताना कंद थोडा तिरपा बसवा, म्हणजे पाणी वाहून जाईल.

मातीच्या बाबतीत कागद अर्धं कोकोपीट सांगतो. आपल्याकडे कोकोपीट उन्हाळ्यात वाळून ढेकूळ होतं आणि झडीत आठ-आठ दिवस चिंब राहतं. शेतातली काळी माती तर नकोच. पावसात ती चिबडते, उघडीप मिळाली की भेगा पडतात आणि भेगेबरोबर मुळं तुटतात. चालतं ते असं: दोन घमेली मुरमाड किंवा गाळाची माती, एक घमेलं नदीची जाड रेती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि १६ इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. अर्धवट कुजलेलं शेणखत घातलं, तर ते कुंडीत तापतं आणि हुमणीही घेऊन येतं. काळी प्लास्टिकची पिशवी उन्हात असली तर कडेची मुळं भाजतात. मातीची किंवा सिमेंटची कुंडी घ्या, नाहीतर पिशवीला ओलं बारदान गुंडाळा.

माती हरभऱ्याच्या किंवा सोयाबीनच्या वावरातून आणू नका. हरभऱ्यात मानकूज करणारी बुरशीच या कंदांची मान सडवते. ओळखायला सोपं आहे: पान हिरवंगार असताना देठ जमिनीलगत मऊ पडून आडवा होतो, आणि तिथे पांढरे धागे व मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. त्या वेळी कंद लगेच उकरून काढा, सडका भाग पांढरा स्वच्छ गर लागेपर्यंत कापा, राख चोळा आणि सावलीत तीन-चार दिवस वाळू द्या. ती माती टाकून द्या. लावतानाच शेणखतात ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी, मिसळलेला असेल, तर ही वेळ सहसा येत नाही.

लावायचं कधी, यावरही कागद घसरला आहे. 'मार्च-एप्रिल' असं छापलंय. आपल्याकडे एप्रिलमध्ये वर आलेलं कोवळं पान मे महिन्याच्या झळांनी कडेनं करपतं, आणि करपलेल्या पानावर कंद पोसत नाही. कंद तणसावर किंवा कोरड्या रेतीवर एका थरात, घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवा, प्लास्टिकमध्ये अजिबात नको. मृगाचा दमदार पाऊस होऊन वाफसा आला की लावा. कोंब त्याआधीच बोटभर वाढला, तर थांबून उपयोग नाही. निंबाच्या दाट सावलीत किंवा हिरव्या नेटखाली लावून टाका. ठेवलेल्या कंदांवर मधूनमधून नजर असू द्या, कारण जुन्या मुळांच्या खुणांवर पिठ्या ढेकूण बसतो. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्यानं तो पुसून काढला की काम भागतं.

पान पूर्ण उघडल्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतच कंद भरतो, म्हणून खत याच काळात द्या. कृषी सेवा केंद्रात मिळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं) पाण्याच्या लिटरला तीन ते पाच ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, पोळ्यापर्यंत. त्यानंतर ०:०:५०, म्हणजे नुसत्या पालाशाचं, त्याच मापानं दोनदा. युरियाचा हात आवरा. पान जोमदार दिसतं, पण कंद पाणचट होतो आणि साठवणीत सडतो. पान पिवळं पडू लागलं की पाणी बंद. देठ आपोआप गळू द्या, ओढून काढू नका.

फुलाचा कोंब आणि पानाचा कोंब यांत फरक असतो. पानाचा बारीक आणि टोकदार, फुलाचा जाड आणि बोथट. कोंजॅकचं फूल उन्हाळ्यात, पानाआधी येतं आणि दांड्यासकट कमरेच्या वर जातं. त्याला उष्ण वारा लागू दिला तर आवरण उघडण्याआधीच सुकतं, तेव्हा कुंडी पडवीत घ्या. पण झोपायच्या खोलीजवळ नको, कूलरच्या तोंडाशी तर नकोच, नाहीतर वास घरभर फिरेल आणि माळ्यावर मेलेला उंदीर शोधायला माणसं शिडी लावतील. दरवळ पहिल्या दिवशी, त्यातही संध्याकाळनंतर जोरात असतो. तेव्हा मादी फुलं तयार असतात. पराग सुटतो तो त्यानंतर. त्यामुळे एकट्या फुलाला बी धरत नाही.

बल्बिफरचं फूल फिकट गुलाबी, वासही त्या मानानं सौम्य. त्याची खरी मजा पानावर आहे. शिरा जिथे फुटतात तिथे छोटे कंद धरतात, पान वाळलं की गळतात. ते गोळा करून पुढच्या पावसाळ्यात दोन-तीन सेंटिमीटर खोल लावायचे. एका कंदाचे शेजारीपाजारी वाटण्याइतके होतात, तेव्हा हा परत विकत घ्यायची गरज नाही.

सुरण मात्र या पेटीत का घातला, हा प्रश्नच आहे. आठवडी बाजारात दिवाळीपासून पुढे तो किलोच्या भावानं मिळतो. फूल हवं असेल तर अख्खा, न कापलेला, दीड-दोन किलोचा आणि मधला कोंब शाबूत असलेला नग निवडा. फूल त्या मधल्या कोंबातूनच येतं. कापलेल्या फोडींना पानच फुटतं. 'गजेंद्र' वाणाचा मिळाला तर खाजही कमी. खायला लावणाऱ्यांचं गणित वेगळं आहे: ६० बाय ६० बाय ४५ सेंटिमीटरचा खड्डा, ९० सेंटिमीटरवर दुसरा, खड्ड्याला दोन-अडीच किलो शेणखत, आणि प्रत्येक फोडीला मधल्या कोंबाचा तुकडा येईल अशी अर्ध्या ते एक किलोची फोड, शेणाच्या काल्यात बुडवून सावलीत वाळवलेली. रानडुकरांचा त्रास असलेल्या शिवारात हे सगळं कुंपणाच्या आतच करा. कोकणात याच कुळातल्या शेवळ्याची भाजी पावसाच्या तोंडावर काकडं ही आंबट रानफळं घालून आवडीनं करतात, पण म्हणून या पेटीतलं काही चाखून पाहू नका. चारही कंदांत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सूक्ष्म सुया असतात. कापताना हातमोजे घाला, खाज सुटली तर चिंचेच्या कोळानं हात चोळा. सौरोमेटमचा कंद तर लहान पोरांच्या हाती लागेल असा ठेवूच नका.

बांधणीला पैकीच्या पैकी द्यायला हरकत नव्हती. लाकडाच्या भुशात, प्रत्येक कंद वेगळ्या कागदात, नावाच्या चिठ्ठीसकट. फक्त सौरोमेटम बंद प्लास्टिकच्या पुडीत घातलाय आणि ती आतून घामेजते. मागवायचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी, कंद झोपलेले असताना. एप्रिल-मेमध्ये मागवाल तर पत्र्याच्या बंद गाडीत कंद उकडतो आणि फुटलेला कोंब धक्क्यानं मोडतो. 'खराब निघाल्यास ४८ तासांत फोटो पाठवा' ही अट खेड्याच्या हिशेबानं अपुरी आहे, कारण कुरिअरवाले तालुक्यापर्यंतच येतात आणि पेटी तिथे पडून राहते. पोच झाल्याचा मेसेज आला की त्याच दिवशी विक्रेत्याला 'पेटी अजून हातात नाही' एवढं लिहून ठेवा. घ्यायला गेलात की काउंटरवरच उघडा, प्रत्येक कंद अंगठ्यानं दाबून बघा, आणि मऊ लागला तर तिथेच व्हिडिओ काढा.