सौर वाळवणाची चार पाकिटे आणि त्यांवरचा एक शब्द

परभणीतील एका प्रदर्शनात महिला बचत गटाच्या दुकानातून मी कसुरी मेथी, कांद्याचे काप, मिरचीपूड आणि पुदिन्याची पूड घेतली. आपल्याकडे वैशाखात गच्चीवर जुन्या साडीवर घातलेल्या वाळवणावर धूळ बसते, कबुतरे उतरतात. हा गट माल सौर यंत्रात झाकून वाळवतो आणि तो फरक पाकीट फोडताच कळतो. मेथी हिरवीगार आहे, कांद्याचा काप बोटांत कडकन मोडतो, मिरचीत खडा लागत नाही.

माझी हरकत पाकिटावरच्या ‘निर्जंतुक’ या शब्दाला आहे. दुकानातल्या ताईंना विचारले, तर त्या मनापासून म्हणाल्या, “इतकं वाळल्यावर जंतू राहतेत कुठं?” ते राहतात. वाळवल्याने त्यांची वाढ थांबते, कारण त्यांना वापरता येईल असे पाणी उरत नाही. पण साल्मोनेलासारखा जुलाब-ताप आणणारा जंतू त्या कोरड्या अवस्थेत महिनोन्‌महिने तग धरतो, आणि ओल्या पदार्थात ज्या उष्णतेने तो लगेच मरतो, तिला कोरड्या पदार्थात सहज दाद देत नाही. बॅसिलस सीरियस या दुसऱ्या जंतूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक सुप्त रूपे, तर उकळत्या पाण्यातूनही वाचतात आणि ओल्या, कोमट पदार्थात पुन्हा वाढू लागतात, म्हणून या कांद्याची आमटी रात्रभर ओट्यावर ठेवू नये. १९९३ मध्ये जर्मनीत बटाट्याच्या वेफर्सवरील मसाल्यातल्या लाल मिरचीपुडीमुळे सुमारे एक हजार जणांना साल्मोनेलाची बाधा झाली आणि त्यांत बहुसंख्य लहान मुले होती.

मेथी, कांदा आणि मिरची आपण रटरटत्या भाजीत शिजवतो, त्यामुळे त्यांची मला फारशी काळजी नाही. पुदिन्याच्या पाकिटावर मात्र ‘ताकावर भुरभुरावी’ अशी सूचना आहे, म्हणजे जी पूड पुन्हा विस्तवावर जाणारच नाही, तिच्यावरही हा शब्द छापला आहे. उन्हाळ्यात घरोघरी तान्ह्या-म्हाताऱ्यांना ताक दिले जाते, म्हणून हे मला गंभीर वाटते. मसाल्यांतील जंतू मारण्यासाठी वाफेची प्रक्रिया किंवा गॅमा किरणांचा मारा करतात, आणि त्यासाठीचे सरकारी विकिरण केंद्र नवी मुंबईत वाशीला आहे. लहान गटाला ते परवडत नसेल, तर निदान तो शब्द काढावा आणि ‘उकळत्या पदार्थात घालावी’ असे छापावे.

मेथी आणि कांदा मी पुन्हा नक्की घेईन. पुदिन्याची पूड सध्या आमच्याकडे उकळत्या कढीतच पडते.