रँक वाढवून देतो म्हणणाऱ्याला जीमेलचा पासवर्ड देऊ नका

माझा धाकटा भाऊ लातूरला खोली करून राहतो, नीटची तयारी करतो. त्याला एका 'रँक पुशर'नं, म्हणजे पैसे घेऊन गेममधली रँक वाढवून देतो म्हणणाऱ्यानं, कसं लुटलं ते सगळं लिहितोय. आमच्या गावाकडची कितीतरी पोरं अशीच खोलीवर राहतात आणि रात्री मेसवरून आली की बीजीएमआय हा मोबाइल गेम उघडतात. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं.

घरच्यांना गेम माहीत नसेल म्हणून थोडं सांगतो. चार जणांचा स्क्वॉड असतो. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम, डायमंड, क्राउन, एस अशा पायऱ्या चढत जायच्या. किती वेळ टिकलात, कितव्या नंबरला आलात, किती मारले, यावर 'प्लस' मिळतो. लवकर मेलात की 'मायनस'. वर जावं तसा प्लस कमी होत जातो आणि मायनस जोरात बसतो, म्हणून पोरं क्राउनला येऊन अडकतात. त्यात नवीन सीझन आला की रँक खाली येते, पुन्हा चढाई.

भाऊ तिथंच अडकला होता. त्याचे तिघं मित्र एसला गेले आणि त्याच्या जागी चौथा दुसराच घेऊ लागले. घर सोडून एकट्या राहणाऱ्या पोराला ही गोष्ट किती लागते, ते मोठ्यांना वरून दिसत नाही. हे फसवणारे नेमकी अशीच पोरं हेरतात.

इन्स्टावरच्या एका रीलवरून तो टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये गेला. तिथं 'काम झालं भावा, थँक्यू' अशा मेसेजांचे आणि पैसे मिळाल्याचे स्क्रीनशॉट भरलेले. बोलणारा आपल्याच भाषेत बोलायचा. 'मी पण परभणीचा आहे, आपल्या भागातल्या पोरांना कमीत करून देतो,' म्हणाला. क्राउनवरून एस डॉमिनेटरपर्यंत (एसच्याही वरची पायरी) 1,500 रुपये, आणि थोडे जास्त दिले तर 'कॉन्करर', म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीची 'गॅरंटी'. या गॅरंटीवरच माणूस ओळखता येतो. कॉन्करर नुसते ठरावीक पॉइंट झाले म्हणून मिळत नाही. सर्व्हरमधल्या वरच्या 500 खेळाडूंनाच मिळतं, आणि यादी हलत राहते. त्याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

निम्मे पैसे आधी घेतले. क्यूआरवर आलेलं नाव वेगळंच होतं. विचारलं तर 'मित्राचं खातं आहे'. मग म्हणाला, खेळायला आयडी लागेल, लॉगिन दे. भावाची आयडी (गेममधलं खातं) गूगलनं जोडलेली, म्हणजे लॉगिन म्हणजेच जीमेलचा पासवर्ड. फोनवर आलेला कोडही त्यानं मागून घेतला. त्या संध्याकाळी रँक खरोखर थोडी वाढली. मित्रांनी विचारलंसुद्धा, 'आज एवढा प्लस कसा बे?' या डावातली सगळ्यात घातक गोष्ट हीच. काम चालू आहे म्हटल्यावर उरलेले पैसेही गेले.

रात्रीतून त्या पुशरनं पासवर्ड बदलला, रिकव्हरीचा (खातं परत मिळवायचा) नंबर बदलला. सकाळी समोरून मेसेज: 'पैसे परत पाहिजेत तर हा क्यूआर स्कॅन कर, पिन टाक.' त्यात अजून 2,000 गेले. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो. घराघरात हे सांगून ठेवा.

गेमची आयडी गेली, ते एक वेळ सोडून देता येईल. पण त्याच मेलवर नीटचा अर्ज होता, परीक्षा घेणाऱ्या एनटीएचे मेल तिथंच येतात. गूगल फोटोमध्ये आधार कार्ड, दहावीचं मार्कलिस्ट, आणि कॉन्टॅक्टमध्ये आमच्या वडिलांचा नंबर. मग धमकी सुरू झाली: 'पाच हजार टाक, नाहीतर तुझ्या बापाला फोन करतो.' पोरगं जेवायचं बंद झालं. शेवटी मला फोन करून रडायला लागलं. वडिलांना मी स्वतः सांगितलं. ते एवढंच म्हणाले, 'पैशाचं जाऊ दे, पोराला घरी आण.' त्या क्षणी धमकीतला दम गेला.

पुढं काय केलं ते नीट वाचा. भावाला सांगितलं, फोन रीसेट मारू नको, चॅट पुसू नको. जीमेल परत मिळवायचा प्रयत्न त्याच जुन्या फोनवरून, नेहमीच्या वायफायवरून केला. ओळखीचा फोन आणि ओळखीची जागा असेल तर गूगलला खातरी पटायला मदत होते. रिकव्हरी नंबर बदलला गेला तरी 7 दिवस जुन्या नंबरवर कोड घेण्याचा पर्याय गूगल देऊ शकतं. आमच्याकडं तो आला, म्हणून मेल वाचला. लगेच सगळी अनोळखी डिव्हाइसं काढली आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खातरी) लावलं. 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करून व्यवहार नंबर दिले. इथं जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पसरतात. आमची काही रक्कम अडकवली गेली, बाकीची तोपर्यंत निघून गेली होती. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर स्क्रीनशॉटसकट तक्रार टाकली, बँकेलाही लेखी कळवलं.

गेमची आयडी मात्र परत आली नाही. चोरानं तिला स्वतःचं खातं जोडून ठेवलं होतं. आपली आयडी दुसऱ्याला खेळायला देणं गेमच्या नियमांतच बसत नाही, त्यामुळं तिथं दाद मागताना आपली बाजू लंगडी पडते. आणि असला पुशर हॅक लावून खेळला, तर बॅन तुमच्याच आयडीवर बसतो.

तो ग्रुप आता नाव बदलून पुन्हा चालू झालाय, स्क्रीनशॉट तेच आहेत. तुमच्या मुलाच्या किंवा भावाच्या फोनमध्ये असा ग्रुप दिसला तर आधी शांतपणे विचारा, पासवर्ड दिलाय का. दिला असेल तर त्याच बैठकीत बदला, रिकव्हरीचा नंबर आपलाच आहे का ते बघा, आणि पैसे गेले असतील तर 1930 लावा.