काळी पेस्ट की पांढरी? ट्यूब उलटी करून वाचा

नवी पेठेत टूथपेस्ट घ्यायला जा, चारकोलची, म्हणजे कोळशाची पूड घातलेली काळी ट्यूब साध्या पेस्टच्या शेजारीच मांडलेली असते. दात उजळ व्हावेत म्हणून लग्न ठरलेली मुलं-मुली तिच्याकडेच वळतात. माझं म्हणणं एवढंच, की पुढचं चकचकीत वेष्टन बघून ठरवू नका, मागची बारीक अक्षरं वाचा.

चहा, पान, तंबाखूचे डाग दाताच्या वरच्या थरावर बसतात. कोळशाचे कण ते घासून काढतात, म्हणून काही दिवसांत दात उजळ दिसतात, हे खरं. पण साध्या पेस्टमधलं कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाही हेच काम करतं. दाताचा मुळातला पिवळेपणा किंवा लहानपणी बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडमुळे पडलेले तपकिरी चट्टे मात्र दोन्हींनी जात नाहीत.

खरी काळजी झिजेची आहे. दातावरचं इनॅमल, म्हणजे वरचं टणक कवच, एकदा गेलं की परत येत नाही, आणि त्याखालचा थर पिवळसर असतो. म्हणजे खरखरीत पेस्टने रोज जोर लावून घासलं तर पुढे दात उलट पिवळेच दिसतात, गार पाणीही झोंबतं. सगळ्या काळ्या पेस्ट सारख्या खरखरीत नसतात. पण किती खरखरीत, हे ट्यूबवर सहसा लिहिलेलंच नसतं, मग गिऱ्हाइकाला कळणार कसं? शिवाय काळे कण भरलेल्या दाताच्या कडेला आणि हिरडीच्या फटीत अडकतात. तिथे काळी रेघ दिसू लागते आणि ती ब्रशने निघत नाही.

कीड रोखायची तर फ्लोराइड लागतं. आपल्याकडे पेस्टमध्ये ते 1000 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत हजार भाग) चालतं. ब्रिटिश डेंटल जर्नलच्या 2019 च्या आढाव्यानुसार 50 चारकोल उत्पादनांपैकी फक्त 8 टक्क्यांत फ्लोराइड होतं. त्याआधी 2017 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या जर्नलमधल्या आढाव्यानेही सुरक्षिततेच्या आणि फायद्याच्या दाव्यांना पुरेसा पुरावा नसल्याचं म्हटलं होतं. हे आढावे परदेशातले आहेत, म्हणून हातातल्या ट्यूबवर फ्लोराइड लिहिलंय का, ते स्वतः बघा. नसेल तर ती रोजची पेस्ट म्हणून घेऊ नका.

"आमची आजी राखुंडीने घासायची, म्हातारपणीही तिचे दात शाबूत होते," असं घरोघरी ऐकू येतं. राखुंडी म्हणजे राख-कोळशाची पूडच. पण आजी ज्वारीची भाकरी खायची. दिवसभर बिस्किटं, चॉकलेट आणि गोड चहा तिच्या तोंडात जात नव्हता. दात टिकल्याचं सगळं श्रेय राखुंडीला कसं द्यायचं?

मिशेरी लावणाऱ्या बायकांबद्दल वेगळं सांगायला हवं. काळ्या पेस्टने मिशेरीचा डाग फिका होईल, पण मिशेरी चालू असेपर्यंत तो परत येणारच. आणि ती तंबाखूच आहे, तिच्याने तोंडाचा कॅन्सर होतो. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर पेस्ट बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

लग्नासाठी दात उजळ हवे असतील तर महिनाभर आधी दातांच्या डॉक्टरांकडून स्केलिंग, म्हणजे यंत्राने दातांची सफाई, करून घ्या. डाग त्यानेच नीट निघतात. रोजच्याला फ्लोराइडची साधी पेस्ट आणि मऊ ब्रश पुरे. काळी ट्यूब आधीच घेतली असेल आणि टाकवत नसेल, तर क्वचित, हलक्या हाताने वापरा. हिरड्या खाली सरकल्या असतील, दात शिवशिवत असतील किंवा तारा बसवल्या असतील, तर तेवढीही नको.