एसक्यूलाइट : वीस वर्षांपूर्वीची फाइल उघडणारा डेटाबेस आणि त्याची किंमत

ॲपची नवी आवृत्ती काढताना कोड बदलणं हे त्यातल्या त्यात सोपं काम. जुना काढला, नवा चढवला, झालं. जीव टांगणीला लागतो तो लोकांच्या फोनमध्ये आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर आधीच साठलेल्या डेटामुळे. म्हणून या परीक्षणात वेगाचे आकडे नाहीत. प्रश्न एकच आहे: जे सॉफ्टवेअर पुढची दहा-पंधरा वर्षं बदलत राहणार आहे, त्याच्या पोटात एसक्यूलाइट, म्हणजे ॲपच्या आतच चालणारा आणि डेटा एका फाइलमध्ये ठेवणारा डेटाबेस, बसवावा का? बसवावा. पण मिळतो तसाच वापरू नये.

रिचर्ड हिप यांनी हा डेटाबेस २००० साली सुरू केला. तिसरी पिढी २००४ मध्ये आली आणि तेव्हापासूनची प्रत्येक फाइल आजची लायब्ररी (ॲपमध्ये बसवायचा एसक्यूलाइटचा कोड) उघडते. २०५० पर्यंत हे असंच चालू ठेवण्याचा निर्मात्यांचा जाहीर संकल्प आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटा दीर्घकाळ जपण्यासाठी शिफारस केलेल्या फॉरमॅटमध्ये याचा समावेश केला आहे.

हे जमतं कसं, ते फाइलच्या पहिल्या १०० बाइट्समध्ये दिसतं. शून्यापासून मोजलं तर १८व्या जागी ‘लिहिण्याची आवृत्ती’ असते आणि १९व्या जागी ‘वाचण्याची आवृत्ती’. लायब्ररीला वाचण्याचा आकडा ओळखीचा आणि लिहिण्याचा अनोळखी वाटला, तर ती फाइल फक्त वाचण्यापुरती उघडते. वाचण्याचाच आकडा अनोळखी असेल तर ती फाइलला हातच लावत नाही. २०१० मध्ये ३.७.० आवृत्तीत वॅल (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची) पद्धत आली, तेव्हा हे दोन्ही आकडे १ वरून २ झाले, तेही ज्यांनी वॅल चालू केलं त्यांच्याच फाइलींत. बाकीच्यांच्या फाइलींत एक बाइटही हलला नाही. याशिवाय ७२व्या जागेपासूनचे २० बाइट्स पुढच्या गरजेसाठी शून्य भरून राखून ठेवले आहेत. इतक्या लांबचा विचार करून आखलेलं फाइलचं डोकं फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतं.

आता एक टेबल जवळून पाहू. ‘पावत्या’ या टेबलात पाच लाख ओळी आहेत आणि ग्राहकाच्या जीएसटी क्रमांकासाठी नवा कॉलम हवा आहे. ॲड कॉलम ही आज्ञा दिली की काम जवळजवळ क्षणात होतं, कारण जुन्या ओळींना कुणी हात लावत नाही. टेबलाची व्याख्या फाइलमध्ये साध्या मजकुराच्या रूपात असते, त्या मजकुराला फक्त शेपूट जोडलं जातं. जुन्या ओळीत कॉलम कमी असले तर वाचताना तिथे डीफॉल्ट किंमत धरली जाते. त्यामुळेच बंधनंही येतात. नवा कॉलम युनिक (तीच किंमत दोनदा न चालणारा) किंवा प्रायमरी की (ओळीची ओळख) असू शकत नाही, आणि नॉट नल (रिकामा न चालणारा) हवा असेल तर डीफॉल्ट द्यावंच लागतं.

कॉलम काढणं मात्र महाग. ड्रॉप कॉलम २०२१ च्या ३.३५.० मध्ये आलं, आणि त्यात सगळ्या ओळी पुन्हा लिहिल्या जातात. मोबाइलवाल्यांनी इथे विशेष जपावं. अँड्रॉइड १३ सोबत ३.३२ येते, म्हणजे तिथे ही आज्ञा चालतच नाही. शिवाय काही कंपन्या आपल्या फोनमध्ये वेगळीच आवृत्ती घालतात. यावर खात्रीचा इलाज म्हणजे फोनमधल्या लायब्ररीच्या भरवशावर न राहता ॲपसोबत स्वतःची बांधणं. सगळा कोड एका मोठ्या सी फाइलमध्ये एकत्र करून मिळतो, त्यामुळे बांधणीचा ताप नाही.

टेबलाचा सांगाडाच बदलायचा असेल, म्हणजे प्रकार बदलायचा किंवा नवी अट घालायची, तर थेट आज्ञा नाही. नव्या नावाचं टेबल करायचं, डेटा ओतायचा, जुनं टेबल पाडायचं, नव्याला जुनं नाव द्यायचं, मग इंडेक्स (शोधाच्या सूची), ट्रिगर (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) आणि व्ह्यू (साठवलेल्या क्वेरी, म्हणजे डेटाला विचारायचे प्रश्न) परत उभे करायचे. सर्वात जास्त घात इथेच होतो.

पहिला घात फॉरेन कीचा, म्हणजे एका टेबलातल्या ओळीने दुसऱ्या टेबलातल्या ओळीला दिलेल्या दुव्याचा. या दुव्यांची तपासणी बंद करण्याचा प्रॅग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग बदलणारी आज्ञा) ट्रान्झॅक्शन (एक तर पूर्ण होणारा, नाहीतर पूर्ण मागे फिरणारा बदलांचा गट) सुरू होण्याआधीच द्यावा लागतो. आत दिला तर तो काहीच करत नाही, आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. मग ड्रॉप टेबलची वेळ येते. तपासणी चालू असेल तर टेबल पाडण्याआधी एसक्यूलाइट त्यातल्या सगळ्या ओळी आपण होऊन डिलीट करतो. पावत्यांना जोडलेल्या ‘पावती_तपशील’ टेबलाला कॅस्केड (मूळ ओळ गेली की जोडलेलीही जावी, अशी सूचना) लावलेलं असलं की पावत्यांबरोबर त्यांचे तपशीलही गेले. नव्या ‘पावत्या’ टेबलात ओळी जशाच्या तशा दिसतात, म्हणून नुकसान कुणाच्या लगेच लक्षातही येत नाही.

दुसरा घात क्रमाचा. आधी जुन्या टेबलाचं नाव ‘पावत्या_जुन्या’ करून मग नवं टेबल बनवू नका. ३.२६.० पासून नाव बदललं की इतर टेबलांमधले फॉरेन कीचे संदर्भही त्या नावामागे जातात. जुनं टेबल पाडलं की ते संदर्भ लोंबकळत राहतात.

आणि डेटा ओतताना दोन्ही बाजूंना कॉलमची नावं लिहा. सगळे कॉलम एकदम उचलणाऱ्या तारांकित सिलेक्टवर विसंबलात आणि क्रम चुकला, तर रकमेच्या कॉलममध्ये ग्राहकाचं नाव जाऊन बसेल आणि एसक्यूलाइट ते निमूट स्वीकारेल.

कुठल्या फाइलवर कोणता बदल झाला, हे लक्षात ठेवायला वेगळं साधन आणायची गरज नाही. फाइलच्या डोक्यात ६०व्या जागी युजर व्हर्जन नावाचा चार बाइट्सचा पूर्णांक आहे. त्याला एसक्यूलाइट स्वतः हात लावत नाही, तो तुमच्यासाठीच ठेवला आहे. ॲप उघडताच लिहिण्याचा ताबा लगेच घेणारं बिगिन इमिजिएट द्यायचं, म्हणजे दुसरी प्रोसेस मध्ये घुसत नाही. मग आकडा वाचायचा. तो ३ असेल आणि कोड ५ वर असेल तर बदलाची चौथी आणि पाचवी पायरी क्रमाने चालवायची, आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आकडा ५ करायचा. मध्येच वीज गेली तर डेटा आणि आकडा दोन्ही मागे फिरतात. एकदा लोकांपर्यंत पोचलेल्या पायरीचा कोड पुन्हा कधीही बदलू नका. चूक सापडली तर सहावी पायरी लिहा.

आता किंमत. जुनं काही मोडायचं नाही म्हटलं की जुन्या चुकाही जपाव्या लागतात. फॉरेन कीची अंमलबजावणी २००९ मध्ये आली, पण आधीची ॲप्स अडू नयेत म्हणून ती आजही मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनला वेगळी चालू करावी लागते. साध्या टेबलात प्रायमरी कीमध्ये नल (रिकामी किंमत) शिरू शकतं, फक्त इंटिजर प्रायमरी की त्याला अपवाद. ही सुरुवातीची चूक होती, आणि सुधारली तर चालू ॲप्स बंद पडतील म्हणून ती तशीच राहिली. दुहेरी अवतरणात कॉलमचं नाव चुकलं तर एसक्यूलाइट त्याला मजकूर समजतो आणि क्वेरी मुकाट्याने चुकीचं उत्तर देते. आमच्या मते या तिघांत हा प्रकार सर्वात वाईट, कारण चाचणीतही तो सहज निसटतो. सुदैवाने तो कॉन्फिगरेशनमधून बंद करता येतो. नवं काम सुरू करताना तो बंद, फॉरेन की चालू आणि टेबलं स्ट्रिक्ट (ठरलेल्या प्रकाराचाच डेटा घेणारी), एवढं पहिल्या दिवशीच करून घ्या. स्ट्रिक्ट टेबलं ३.३७.० पासून मिळतात. मात्र असं एक जरी टेबल फाइलमध्ये असलं, तर त्याआधीची लायब्ररी स्कीमा (टेबलांची आखणी) बिघडल्याची तक्रार करते. जुनी फाइल नव्या लायब्ररीत उघडण्याची हमी आहे, उलट दिशेने नाही.

संगणकशास्त्रज्ञ मेयर लेहमन यांनी १९७४ पासून मांडलेल्या नियमांत एक असा आहे की मुद्दाम कष्ट घेतले नाहीत तर बदलत्या सॉफ्टवेअरची गुंतागुंत वाढतच जाते. एसक्यूलाइटने हे कष्ट चाचण्यांवर घेतले आहेत. निर्मात्यांच्याच हिशेबाने चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या सुमारे ५९० पट आहे. इतकी जुनी वागणूक सांभाळून क्वेरीचं उत्तर कुठल्या वाटेने काढायचं ते ठरवणारा क्वेरी प्लॅनरसारखा भाग २०१३ मध्ये नव्याने लिहिता आला, तो या जोरावर. तरी प्लॅनर बदलला की ऑर्डर बाय (क्रम सांगणारा भाग) नसलेल्या क्वेरीच्या उत्तराचा क्रम बदलू शकतो, आणि त्या क्रमावर विसंबलेलं ॲप चुकतं. अशा उत्तरांचा क्रम मुद्दाम उलटा करणारा रिव्हर्स अनऑर्डर्ड सिलेक्ट्स हा प्रॅग्मा चाचणीत चालू ठेवा, अशा जागा आधीच सापडतील.

मराठी डेटावाल्यांसाठी एक खास गोष्ट. मुळातली क्रमवारी बाइट्सप्रमाणे चालते आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो. त्यामुळे यादीत ‘काळे’ हे ‘कासार’च्या आधी लागतात. मराठी वर्णक्रमात ‘ळ’ हा ‘ह’नंतरचा. आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं एक्स्टेंशन किंवा स्वतःचं कोलेशन (क्रमवारीचे नियम) लावून हे सुधारतं, पण त्या कोलेशनवर इंडेक्स असेल तर ते कोलेशनच्या तेव्हाच्या नियमांनी रचलेलं असतं. पुढे आयसीयूची आवृत्ती बदलून नियम हलले, की टेबलात असलेलं नाव इंडेक्समधून शोधल्यावर सापडेनासं होतं. आयसीयू बदलणाऱ्या प्रत्येक आवृत्तीत इंडेक्स नव्याने रचणारं रीइंडेक्स चालवाच.

एकाच वेळी अनेकांना लिहायचं असेल तर हा डेटाबेस घेऊ नका, कारण लिहिणारा एका वेळी एकच असतो. आणि वॅल चालू असलेली फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून अनेक मशीनवरून वापरता येत नाही.

मोठ्या बदलाआधीची प्रत साध्या कॉपीने काढू नका. वॅल चालू असेल तर ताजे व्यवहार शेजारच्या वॅल फाइलमध्ये असतात आणि एकटी मुख्य फाइल उचलली तर ते मागे राहतात. पूर्ण डेटाची नवी फाइल बनवणारी व्हॅक्यूम इंटू ही आज्ञा वापरा. बदल झाल्यावर इंटेग्रिटी चेक आणि फॉरेन की चेक दोन्ही चालवा, कारण पहिल्याला फॉरेन कीचे तुटलेले दुवे दिसत नाहीत.